पोतदाराची खूण

दिल्लीतल्या मुनिरक्यात आमच्या फ्लॅटच्या मागच्या गल्लीत एक स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, आणि गल्ल्याशेजारी टांगलेली पोकेमॉनच्या कार्डांची पाकिटं. शे-दीडशे रुपयांत सोनेरी, चकचकीत कार्डांचा अख्खा गठ्ठा मिळतो. ती सगळी नक्कल असते हे दुकानदाराला ठाऊक असतं, पोरांच्या आईबापांना ठाऊक असतं, आणि मला वाटतं पोरांनाही ठाऊक असतं. संध्याकाळी जिन्यात बसून ती पोरं कार्डांची अदलाबदल करतात, भांडतात, पुन्हा खेळतात. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. फसवणूक सुरू होते ती कुणी त्याच कार्डाला अस्सल म्हणून हजारो रुपये मागतो तेव्हा.

माझा भाचा गेली दोन वर्षं मुनिरका गावात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. रविवारी जेवायला येतो. मागच्या महिन्यात येताना एक स्टीलचा डबा घेऊन आला. डब्यात अकरा पोकेमॉन कार्डं होती. न्यू जर्सीतल्या मावसभावानं लहानपणी त्याला दिलेली, सांगलीच्या घरी कपाटात पडून राहिलेली. त्यातलं एक चारिझार्ड: 1999 सालच्या पहिल्या इंग्रजी संचातलं, खालच्या कोपऱ्यात 4/102 असा क्रमांक असलेलं. त्याला एवढंच विचारायचं होतं, "मामा, हे ग्रेडिंगला पाठवू का?"

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत काही कंपन्या आहेत. आपण फी भरून कार्ड पाठवायचं. ते अस्सल आहे का, कुणी कडा कापल्या आहेत का, रंग भरलाय का, हे तिथले लोक तपासतात. मग चार गोष्टी बघतात: चित्र मध्यावर बसलंय का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. शेवटी 1 ते 10 मधला एक आकडा देतात, कार्ड कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात, वर क्रमांकाची चिठ्ठी लावतात आणि परत पाठवतात. पीएसए ही त्यातली सर्वात मोठी कंपनी 1991 मध्ये सुरू झाली. त्या पेटीतलं कार्ड आणि तेच कार्ड उघडं, यांच्या किमतीत मोठी तफावत असते. नऊ आणि दहा या दोन आकड्यांतही कित्येक पटींचा फरक पडू शकतो.

माझं उत्तर मी त्याला तेव्हाच दिलं, आणि इथं ते नीट मांडावंसं वाटतं. कार्ड अस्सल आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही, ही ग्वाही फार मोलाची आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजणं रास्त आहे. आकड्याची गोष्ट वेगळी. तो बाजाराच्या सोयीचा आहे. संग्राहकानं आपली नजर त्या आकड्याकडे गहाण टाकली की संग्रह करण्यातलं सगळंच हातातून जातं.

हा प्रश्न अमेरिकन मुलांच्या छंदाचा आहे असं वाटेल, पण आपल्याकडे तो फार जुना आहे. माझ्या आजोळचं आडनाव पोतदार. लहानपणी मला वाटायचं, पोत्यांचा काही धंदा असेल. पुढे कळलं की पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा माणूस. काही याद्यांत तो बारा बलुत्यांत येतो, काहींत अलुत्यांत. बऱ्याच गावांत सोनारच पोतदाराचं काम करी. पेशवाईत एकाच बाजारात चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये फिरत. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळं, झीज वेगळी. सारा भरायला आलेल्या कुणब्याच्या हातातला रुपया खरा किती आण्यांचा, हे सांगणारा कुणी तिसरा लागायचा. नाणं झिजलेलं किंवा हिणकस निघालं की त्याची किंमत तेवढी कापली जाई, तो बट्टा. नावाला बट्टा लागतो असं आपण अजून म्हणतो, ते याच व्यवहारातून. माणूस कसाला उतरतो, गुण बावनकशी असतो, हीही पारख्याच्याच दुकानातली भाषा.

त्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मला आजच्या प्रतवारीपेक्षा जास्त विचारात पाडतात. पहिली खुणांची. जुन्या चांदीच्या नाण्यांवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा दिसतात: एखादी टिकली, चंद्रकोर, कधी छिन्नीचा घाव. नाणं आतून चांदीचंच आहे ना, वर नुसता मुलामा नाही ना, हे पाहायचा तो मार्ग. म्हणजे खरेपणाचा दाखला नाण्याच्या अंगावरच कोरला जाई, आणि आजचे संग्राहक अशा खुणा असलेल्या नाण्याला कमी दाम देतात. दाखल्यानं नाण्याला इजा केली, असा त्याचा अर्थ. आजची प्लॅस्टिकची पेटी या बाबतीत सरस आहे. ती वस्तूला ओरखडाही न काढता दाखला देते.

दुसरी गोष्ट मेहनतान्याची. गावगाड्यातल्या पोतदाराला गावाकडून धान्याचा वाटा मिळे. रुपया खरा ठरला काय किंवा खोटा ठरला काय, त्याचं पोट त्या एका उत्तरावर अवलंबून नव्हतं. तो देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. पोतदार आणि सराफ लबाड्या करत, बट्ट्यावरून तंटे होत. पण ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे, तिच्याकडे मी परत येईन.

आधी प्रतवारीच्या बाजूनं बोलू, कारण ती बाजू भक्कम आहे. 2006 मध्ये जिंजर जिन आणि अँड्र्यू काटो या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इंटरनेटवरच्या लिलावात प्रतवारी न झालेली बेसबॉलची कार्डं स्वतः विकत घेतली. काही विक्रेत्यांनी "हे नऊचं आहे, दहाचं आहे" असा आपला आपणच दावा केला होता. ही सगळी कार्डं मग त्यांनी व्यावसायिक प्रतवारीला पाठवली. मोठे दावे करणाऱ्यांची कार्डं दावा न करणाऱ्यांपेक्षा सरस निघाली नाहीत. गिऱ्हाइकांनी मात्र त्या दाव्यांना भुलून जास्त पैसे मोजले होते. ज्या बाजारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच भेटणार नाहीत, तिथं शब्दाला किंमत उरत नाही. तिथं तिसऱ्याची खूण लागते.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी खिशातून कळलं होतं. दिल्लीला आलो त्या काळात एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मी एक शिवराई घेतली होती. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", वर हिरवट गंज. किती आनंद झाला होता! दोन वर्षं ती पाकिटात बाळगली. मग पुण्यातल्या एका जाणत्या वयस्कर संग्राहकांना दाखवली. त्यांनी ती बोटांवर फिरवली, कडेवर नख फिरवलं आणि हळूच म्हणाले, "ओतीव आहे हो." साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला बारीक सांधा राहतो, ठशानं पाडलेल्या नाण्याला तो नसतो. पैसे फार गेले नव्हते. पण दोन वर्षं ज्या वस्तूला मी महाराजांच्या काळाचा स्पर्श समजून हाताळत होतो, ती अलीकडच्या कुठल्या तरी भट्टीतली होती, हे मनाला लागलं. तेव्हा जर कुणी विश्वासाची खूण मारून दिली असती तर मी तिच्यासाठी नाण्याइतकेच पैसे दिले असते.

म्हणून खरेपणाच्या दाखल्याला मी फुकटची चैन मानत नाही. सोन्याचंच बघा. दागिन्यांच्या हॉलमार्किंगची सोय आपल्याकडे 2000 सालापासून होती, पण सक्ती 2021 च्या जूनमध्ये सुरू झाली, आणि 2023 च्या एप्रिलपासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक आला. आता मुनिरक्यातली बाई कुठल्याही अनोळखी दुकानात जाऊन मोबाइलवर तो क्रमांक तपासू शकते. हॉलमार्क काय सांगतो? सोनं किती शुद्ध आहे तेवढं. ठुशीची घडण कशी आहे, मण्यांची जडण सुबक आहे का, यावर तो एक शब्द बोलत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं. या मर्यादेत राहण्यानंच तो विश्वासाला पात्र ठरतो.

कार्डांची प्रतवारी या मर्यादेत राहिली नाही, आणि त्याचं कारण तिच्या जन्मात आहे. 1949 मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन नाणेसंग्राहकानं जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी आखली. सत्तरच का, याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. त्याच्या हिशेबात सत्तर दर्जाच्या नाण्याची किंमत एक दर्जाच्या त्याच नाण्याच्या सत्तर पट असायची. आकडा मुळात भावाचाच होता, गुणाचा नव्हे. भाव पुढे त्या हिशेबात राहिले नाहीत, आकडे मात्र राहिले. 1986 मध्ये डेव्हिड हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पट्टी घेऊन नाण्यांच्या प्रतवारीची कंपनी काढली, आणि पाच वर्षांनी तीच कल्पना कार्डांवर आणून पीएसए सुरू केली.

पीएसएनं पहिलं म्हणून ज्या कार्डाला आकडा दिला त्याची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड. ते 1991 मध्ये आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी साडेचार लाख डॉलरांना घेतलं. कंपनीनं त्याला आठ दिले. त्या वयाच्या कार्डाला आठ म्हणजे चमत्कार! जाणकार तेव्हापासून कुजबुजत होते की याच्या कडा नको इतक्या धारदार आहेत. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरांना गेलं. आणि 2013 मध्ये, लिलावांतल्या गैरव्यवहारांच्या खटल्यात, ते कार्ड एके काळी ज्याच्या हातात होतं त्या बिल मास्ट्रोनं कबूल केलं की त्याच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आकडा द्यायचाच नाही, हा तर खुद्द प्रतवारी करणाऱ्यांचा नियम.

या गोष्टीवरून सगळी प्रतवारी थोतांड आहे असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो पटत नाही. लाखो कार्डांत एक चूक झाली म्हणून तराजू फेकून देता येत नाही. मला त्यात वेगळंच दिसतं: कुजबुजणारे लोक बरोबर होते, आणि त्यांच्याकडे होती फक्त नजर. 2019 मध्येही असंच झालं. काही हौशी संग्राहकांनी जुन्या लिलावांतले कार्डांचे फोटो आणि त्याच कार्डांचे पेटीत बंद झाल्यानंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. तोच छपाईचा ठिपका, तोच कागदाचा तंतू, पण कोपऱ्यावरचा पूर्वीचा चुरगळा गायब, आणि आकडा वाढलेला. ही चोरी पकडली ती पगारी परीक्षकांनी नव्हे, घरी बसून तासन् तास कार्ड न्याहाळणाऱ्या लोकांनी. असे लोक संपले तर कंपन्यांवर नजर ठेवायला कुणी उरणार नाही. आणि आकडा पाहून व्यवहार करायची सवय लागली की ते संपतातच, कारण पेटीच्या चिठ्ठीवरून डोळा खाली कार्डावर उतरतच नाही.

इथं पोतदाराच्या मेहनतान्याकडे परत येतो. आज प्रतवारीचे पैसे कार्डाचा मालक भरतो, म्हणजे बहुधा ज्याला विकायचंय तो. शिवाय फी कार्डाच्या किमतीनुसार ठरते. मोठा आकडा मिळून कार्डाची किंमत वरच्या टप्प्यात गेली तर कंपनी वरची फी लावू शकते. परीक्षक मुद्दाम आकडा फुगवतात असा आरोप मी करत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण ज्या रचनेत मोठा आकडा दिल्यानं परीक्षकाचंच उत्पन्न वाढू शकतं, ती सदोष आहे एवढं म्हणायला पुराव्याची गरज नाही. त्यात 2024 मध्ये पीएसएच्या मालकांनी एसजीसी ही दुसरी मोठी प्रतवारी कंपनीही विकत घेतली. पूर्वीच्या बाजारात एका सराफाचा शब्द पटला नाही तर पलीकडच्या पेढीवर जाता यायचं. पलीकडची पेढीही त्याच मालकाची झाली तर तो दुसरा शब्द आणायचा कुठून?

भाच्याला आकड्याविषयी फार समजवावं लागलं नाही. तो ज्या गल्लीत राहतो तिथं प्रत्येक मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीच्या 275 गुणांनी माणसं वरखाली होताना दिसतात. एकच मुलगी, तोच स्वभाव, तीच हुशारी. एका वर्षी एका मंडळासमोर बसते, पुढच्या वर्षी दुसऱ्या, आणि गुणांत तीस-चाळीसचा फरक पडतो. कार्डांतही हेच चालतं. नऊ मिळालं की पेटी फोडायची, तेच कार्ड पुन्हा पाठवायचं, दहा येईल या आशेनं. कधी कधी येतंही. कार्ड तेच, आकडा वेगळा, आणि किंमत कित्येक पट. मुलाखतीच्या मंडळाला निदान एक जागा भरायची असते, त्याला कुठं तरी रेघ ओढावीच लागते. आपल्या डब्यातल्या कार्डाला कोणती जागा भरायची आहे?

तरीही त्या रविवारी आम्ही कार्ड तपासायला बसलो, आणि ती माझ्या अलीकडच्या चांगल्या दुपारींपैकी एक होती. गल्लीतल्या दुकानातून मी मुद्दाम एक कागदी नकली कार्ड आणलं होतं. मोबाइलचा टॉर्च मागून लावला. नकली कार्डातून उजेड कंदिलासारखा आरपार आला, चारिझार्डमधून जवळपास नाहीच. मग नाण्यांसाठी ठेवलेलं माझं दहापट भिंग काढलं आणि कार्ड आडवं धरून कडा बघितली. अस्सल कार्डाच्या दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ असते, उजेड अडवणारा थर. ती दिसली तेव्हा भाचा एकदम गप्प झाला. कार्ड खरं होतं.

पुढचं काम सावकाश झालं. पिवळी चौकट डावीकडे आणि उजवीकडे किती, ते पट्टीनं मोजलं. दहा मिळायला समोरून हे प्रमाण साधारण 55-45 च्या आत लागतं. आमचं डावीकडे स्पष्ट अरुंद होतं, साठ-चाळीसच्या आसपास. ट्यूबलाइटखाली कार्ड तिरकं केलं तर चित्राच्या चमकत्या भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. मागच्या निळ्या कडेवर तीन पांढरे ठिपके. वरच्या उजव्या कोपऱ्याचा रंग उडून आतला कागद दिसत होता. "मी ते वहीत ठेवायचो आणि दप्तरातून काढताना दर वेळी हाच कोपरा अडकायचा," तो म्हणाला. त्याला बारा वर्षांपूर्वीचं ते दप्तर आठवलं, त्याची चेन आठवली. परीक्षक या कोपऱ्याला एक गुण वजा करेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरही असेल. पण या कोपऱ्याचा अर्थ जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी बिग फन च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं यायची. माझ्याकडची सगळी चित्रं घामानं आणि खेळण्यानं गोलाकार झाली होती. आज त्यांना कुठली कंपनी दोनसुद्धा देणार नाही. ती मी कुणाला दिली नसती.

पैशाचा हिशेबही केला पाहिजे, कारण मुनिरक्यात खोलीभाडं भरणाऱ्या मुलाला तो चुकत नाही. स्वस्तातली प्रतवारीही एका कार्डामागे पंचवीसेक डॉलरच्या घरात जाते. वर अमेरिकेला जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, परत येताना सीमाशुल्काचा त्रास, आणि काही महिन्यांची वाट. दोनेक हजार रुपये किमतीच्या कार्डासाठी हे करणं म्हणजे आठ आण्यांच्या कोंबडीला रुपयाचा मसाला. विकायचं असेल, घेणारा अनोळखी असेल, आणि कार्डाची किंमत खर्चाच्या निदान चार-पाच पट असेल, तरच ही फी वसूल होते. ठेवायचं असेल तर चांगली प्लॅस्टिकची पिशवी, कडक आवरण, आणि दिल्लीच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी पुरते. दिल्लीच्या उन्हाळ्यापासून कार्ड जपायला आकडा लागत नाही.

आपल्याकडे हा बाजार अजून लहान आहे, म्हणून काही गोष्टी आताच मागता येतील. मुंबईतल्या नाण्या-नोटांच्या लिलावांत परदेशी कंपन्यांच्या पेटीबंद वस्तू नेहमी दिसतात. कार्डांची वाटही त्याच दिशेनं चालली आहे. आपल्याकडे कुणी प्रतवारी सुरू करणार असेल तर त्यानं खरेपणाचा दाखला आणि आकडा या दोन सेवा वेगळ्या विकाव्यात. दाखल्याचा दर एकच असावा, कार्ड हजाराचं असो की लाखाचं. प्रत्येक कार्डाचे पुढून-मागून मोठे फोटो सगळ्यांना कायम बघता येतील असे ठेवावेत, म्हणजे उद्या कुणी कोपरा बदलला तर घरी भिंग घेऊन बसलेला कुणीही ते पकडेल. आणि परीक्षकाच्या कंपनीनं कार्डांची खरेदी-विक्री करू नये. जो पारख करतो त्यानं दुकान मांडू नये.

भाच्यानं शेवटी चारिझार्ड पाठवायचं ठरवलं, कारण त्याला ते खरंच विकायचं आहे. पुढच्या वर्षाच्या वाचनालयाची फी त्यातून निघेल असा त्याचा अंदाज आहे. सहा येतील, फार तर सात, असं आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहून ठेवलंय. उरलेल्या दहा कार्डांत एक पिकाचू आहे, मधोमध घडी पडलेला. तो मी मागितला, पण त्यानं दिला नाही.